नवरदेवाची शेपटी

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात स्वस्थ बसले ते एकदाच, आणि तेही बोटाएवढ्या एका माशासाठी. एरवी हा माणूस जेवतानाही एक पाय पाटाबाहेर ठेवणारा. गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी राळेगावपासून बोरी अरबपर्यंत कुणाची म्हैस विताना अडली की फोन मामांनाच, आणि तो पुरता ऐकायच्या आत मामांची गाडी सुरू. एकदा तर गावाचं नाव न ऐकताच निघाले आणि कळंबच्या चौकात थांबून त्यांनी मागे बसलेल्या मलाच विचारलं, "जवाईबुवा, मले आत्ता कोनाचा फोन आलता?" चहा उभ्याने, पेपर चालता चालता, चिंतामणीला नमस्कारही गाडीवरूनच. "देवाले मालूम आहे मी घाईत आहो," म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात मामी न्हाणीत घसरल्या. पायाला प्लास्टर, दीड महिना खाट. मामा दर पंधरा मिनिटांनी दारात येऊन "काही पाह्यजे का?" विचारत आणि उत्तर यायच्या आत अंगणात पोचलेले असत. शेवटी मामींना सोबत म्हणून माझ्या बायकोने यवतमाळहून एक निळा बेट्टा मासा आणला, दुकानदार ज्याला फायटर म्हणतात तो. लांब झुळझुळीत शेपटी, चाल अशी की शेला सावरत मिरवतोय. मामींनी त्याचं नाव ठेवलं नवरदेव. झालं, मामांना नवं काम मिळालं. काचेचं भांडं सकाळी खिडकीत उन्हाला, दुपारी कपाटावर सावलीला, संध्याकाळी पुन्हा मामींच्या उशाशी. मासा स्वतः जितका पोहला नसेल, त्याहून जास्त प्रवास त्याने भांड्यासकट केला. वर, "एकटा कंटाळून राह्यला असन बिचारा," म्हणून मामांनी दारावरच्या तोरणातली प्लास्टिकची पानं कापून पाण्यात सोडली. तिसऱ्या दिवशी एका पानाच्या टोकाला अडकून नवरदेवाची शेपटी उभी फाटली.

मी पोचलो तेव्हा मामा जुनी बॅग उघडून उभे होते. "जवाईबुवा, चारशे किलोच्या बैलाले इतकं औषध देतो आपन," त्यांनी बाटली दाखवली. "मंग याले किती?"

"खबरदार त्याले सुई लावसान तं!" मामी खाटेवरून कडाडल्या.

मासा तळाशी आडवा पडल्यासारखा होता. दाणा तोंडाशी आला तरी घेत नव्हता. मामांनी बॅग मिटली. या हातांनी लाथा झाडणारे बैल धरलेले मी पाहिले होते. आता त्याच हातांनी त्यांनी मोबाइल भांड्याला टेकवून शेपटीचा फोटो काढला. "थे पान मीच टाकलं," ते हळूच म्हणाले आणि पुढच्या मिनिटाला आम्ही दोघं यवतमाळच्या रस्त्यावर होतो.

जिथून मासा आणला होता त्या दुकानदाराने मोबाइलवरचा फोटो शांतपणे पाहिला. जखम लहान आहे म्हणाला. प्लास्टिक काढून टाका, थोडं थोडं पाणी बदला, तेही आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, जंगली बदामाचं एक वाळलेलं पान टाका आणि भांडं जागचं हलवू नका.

"अन् औषध?"

"हेच औषध."

"मंग मी काय करू?"

"काहीच नका करू, काका. तो दचकेल असं काही नका करू, बस."

इतका कठीण इलाज मामांना उभ्या जन्मात कुणी सांगितला नव्हता.

एका पानाऐवजी पोतंभर पानं आली, हे सांगायला नकोच. पण खरी पंचाईत पुढे होती. खोली लहान, भांडं मामींच्या उशाशी. मामा आत आले की काचेवर सावली पडे आणि मासा घाबरून भांड्यातल्या दगडामागे जाई. "येरझारा कायले मारता?" मामी म्हणाल्या. "येक तं बाहेर राहा, नाई तं बसा." बाहेर राहवत नव्हतं, म्हणून मामा बसले. पहिल्या दिवशी त्यांचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलत होता. मामींनी त्यावर हात ठेवला, तेव्हा थांबला.

नवरदेव दचकू नये म्हणून दोघं हलक्या आवाजात बोलू लागली. एका दुपारी मी डबा घेऊन गेलो आणि दारातच थबकलो.

"आपली पोरगी झाली त्या येळी मी दवाखान्यात होती," मामी सांगत होत्या, "अन् तुम्ही बोरी अरबले गायीपाशी."

"गाय अडलती वं," मामा भांड्याकडे पाहत म्हणाले.

"मी बी अडलतीच."

मामांनी भांड्यावरची नजर मामींकडे वळवली. मग मामा म्हणाले, "मले काहून नाई सांगतलं कधी?"

"सांगाले मानूस थांबाले पाह्यजे ना."

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. त्यांनी तो बंद केला, पालथा ठेवला आणि जागचे हलले नाहीत. मी डबा ओट्यावर ठेवून परत आलो.

बाराव्या दिवशी फाटलेल्या कडेला काचेसारखी पारदर्शक, नवी शेपटी दिसली. एरवी मामांनी गल्ली गोळा केली असती. त्या दिवशी त्यांनी फक्त मामींचा हात दाबला. "आली वं," ते कुजबुजले. त्याच दुपारी नवरदेवाने दाणा खाल्ला. पुढे नव्या शेपटीत निळा रंग भरला, मामींचं प्लास्टरही निघालं आणि त्याच आठवड्यात राळेगावकडून कुणाच्या तरी म्हशीचा फोन आला.

परवा गेलो, तर मामी काठी टेकत उभ्या राहून भांड्यात दाणे टाकत होत्या. मामा सकाळपासून बाहेर. नवरदेव पिसारा फुलवून दाण्यांवर झडप घालत होता.

"लवकर बरा झाला, नाही मामी?" मी म्हणालो.

मामी पाण्याकडे पाहत राहिल्या. "झाला ना," त्या म्हणाल्या. "पन अजून आठ दिवस लागले असते, तं काही बिघडलं नसतं."