सुतळीनं मोजलेले शॉकअप

आमच्या ह्यांची मोटारसायकल आमच्या पोरांपेक्षा जुनी. उतारावर पुढचा ब्रेक लागतच न्हाई, मंग हे दोन्ही पाय रस्त्याला घासत थांबवणार अन् मागं मी देवाचं नाव घेणार. धावड्याला बहिणीकडं जायचं होतं. मी साफ सांगितलं, डिस्क ब्रेक बसवल्याबिगर मी मागं बसायची न्हाई.

आता जुन्या गाडीला नुसता ब्रेक बसत न्हाई, पुढचे शॉकअप अन् चाकबी बदलावं लागतं. आमच्याकडं चौकट असो का बैलाचं दावं, सुतळीला गाठ मारून माप न्यायची रीत. ह्यांनी तेच केलं अन् शहागडच्या भंगारातून सेट आणला. लांबी बराबर, पण शॉकअपच्या नळ्या जाड! हँडलखालच्या पकडीत शिरतच न्हाईत. परत गेले तर सुतळी बघून दुकानदार हसला, "चचा, पाइप है ये, पायजामा नईं!" हे रुसले अन् दुसऱ्या दुकानातून सेट घेतला. सुतळी तीच! ह्या नळ्या बारीक निघाल्या.

"अहो, जुनी नळीच न्या की संगं," मी म्हणलं.

"तू मला शिकवून राह्यली का?"

पंधरा दिवस झाले, गाडी अंगणात बिनचाकाची. काल बहीणच पिशवी घेऊन दारात उभी. "तुमच्या ब्रेकच्या भरवशावर बसले अस्ते तर वरीस गेलं अस्तं!"

हे म्हणतात, "राहा दोन दिवस, गाडीवरच सोडतो."

मी जुनी नळी गोणपाटात गुंडाळली अन् बहिणीला घेऊन शहागडची बस धरली.