ताटाची डावी बाजू

परवा हमीदभाईंचा कुवेतहून फोन आला तेव्हा शेजाऱ्यांकडे रेडिओ मोठ्याने चालू होता, त्यामुळे पहिल्यांदा मला नीट ऐकूच आलं नाही. "भाऊ, अक्का गेली... ड्युटीवरून आली, बसली, आनि उठलीच नाय." हमीदभाई मूळचे रत्नागिरीचे, तिकडे कुवेतच्या फिंतास भागात आमच्या समोरच्याच दारात राहायचे. अक्का माझी थोरली बहीण, तिथल्या हॉस्पिटलात नर्स. आखाती युद्ध संपून हॉस्पिटलाचं बोलावणं आलं तशी ती एकटीच परत गेली होती. मला म्हणाली, "तू आता इथेच मान वळव."

ही मानेची भानगड सांगायला हवी. नव्वदचा उन्हाळा सुरू होत होता. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतल्या कामावरून परतताना मी गाडी दिव्याच्या खांबावर घातली. खांब आपल्या जागेवर होता, हे मान्य. शुद्धीवर आलो तो जगाची उजवी बाजू तेवढी घेऊन. डोळे शाबूत, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरला होता. आणि विसरलोय हेही कळत नव्हतं. अर्धी दाढी करून मी पाहुण्यांसमोर ऐटीत बसे. जेवताना भाजी-आमटी संपवून ओरडे, "अक्का, मीठ नाही, चटणी नाही, लिंबू नाही! पेशंटांचं पथ्य घरातही सुरू केलंस का?" आपल्या ताटात हे सगळं डावीकडे वाढायचं, त्यामुळे माझ्या लेखी ते वाढलेलंच नसे. भाताचाही डावा निम्मा ढीग तसाच राही.

अक्का ढिम्म. "आहे. शोध." थेरपिस्टबाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली होती. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच पहिला घास. स्वतः स्टूल घेऊन डावीकडेच बसायची, डावीकडूनच बोलायची. मला वाटे, ही बया नुसती आवाज देते, समोर म्हणून येत नाही! एकदा हमीदभाईंना माझी दया आली आणि त्यांनी माझं ताट गर्रकन फिरवलं... चटणी, लिंबू, निम्मा भात, सगळं हजर! मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात अक्का कडाडली, "हमीदभाई, ताट फिरवू नका. त्याची मान फिरू दे."

"भुकेला हाय गो तो, बाय."

"असू दे."

जुलैत ती रजेवर जाणार होती. चिपळुणात आई अंथरुणाला खिळलेली, अक्काची वाट बघत. जुलै अर्धा सरला तरी ही घरातच, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "रजा नाही मिळाली रे." ऑगस्टात शहरात इराकी रणगाडे शिरले, फोन बंद पडले. बसने बगदाद, पुढे जॉर्डन, तिथून विमान... सबंध वाटेवर ती माझ्या डावीकडे. चिपळूणला पोचलो तोवर आईचे दिवसही होऊन गेले होते. ओटीवर, चार माणसांदेखत, मी अक्काला बोललो, "इतक्या वर्षांची नोकरी, आणि तुला एक रजा मागता येईना?" तिने पुन्हा तेवढंच म्हटलं, "नाही मिळाली रे."

परवाच्या फोनवर मी हमीदभाईंना तेच ऐकवलं. बिचारीला तेव्हा रजा मिळाली असती तर आई तरी भेटली असती... तेव्हा ते म्हणाले, "मिळाली व्हती की. तिकीट मीच आनलेला, मीच परत केला. थेरपीवाली बोलली, आता मधीच सोडलात तर भावाची मान परत इसरंल. भरलेली बॅग किती दिवस तुमच्याच खोलीत व्हती, भिंतीला लावून."

"कुठल्या भिंतीला?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

युद्धातल्या लुटालुटीत अक्काचं घर साफ झालं होतं, टेबल तेवढं राहिलं होतं. त्याची लाल पट्टी खरवडून काढू का, असं हमीदभाईंनी विचारलं. राहू द्या म्हटलं.

इथे आमच्या टेबलाला पट्टीबिट्टी नाही. तरी पहिल्या घासाआधी मान आपली आपण वळते. मीठ दिसतं, चटणी दिसते. मान तिथे थांबत नाही. स्टूल असायचं तिथवर जाते, मग पार डाव्या भिंतीपर्यंत... बायको म्हणते, "अहो, आमटी निवतेय."