पाहुण्यांच्या बाजूचं गाणं

वेलिंग्टनच्या विमानतळावरून अप्पर हट या उपनगरातल्या तिच्या घरी पोचेपर्यंत माझ्या लेकीनं, मुक्तानं, मला तीनदा बजावलं, "आई, उद्या तू फक्त ऐकायचंस."

उद्या तिच्या विद्यापीठात आफ्रिकेतल्या एक अर्थतज्ज्ञ बाई बोलणार होत्या. आपल्या देशाच्या व्यापारमंत्री असताना त्यांनी लसींवरची जकात उठवली, त्यामुळे लसींची खोकी बंदरात अडकून पडायची थांबली. शेजारच्या देशांनाही एकत्रच लस मागवायला लावली. मी पुण्यातल्या लस कारखान्याच्या शीतगृहात अठ्ठावीस वर्षं खोकी भरली. आमची लस शेवटपर्यंत थंड राहायची का, एवढंच मला बाईंना विचारायचं होतं. नाहीतर माझी सगळी नोकरी पाण्यात.

दुसऱ्या दिवशी ट्रेननं वेलिंग्टन गाठलं. वारा असा, की पदर सांभाळू की चष्मा तेच कळेना. सभागृहात पोफिरी (माओरी स्वागतविधी) होती. मी नवखी म्हणून आम्हा दोघींना पाहुण्यांच्या बाजूला बसवलं. यजमान बोलले, गायले. मग बाई बोलल्या आणि सगळे आमच्याकडे बघू लागले. पाहुण्याचं भाषण झालं की त्याच्या बाजूच्यांनी वायाता (गाणं) म्हणायचं असतं. बाईंचा सचिव छत न्याहाळत होता.

मला शांतता सोसत नाही. उभी राहिले आणि चालीवर न अडखळता म्हणता येणारं एकमेव सुरू केलं: बे एके बे. मुक्तानं पदर ओढला, तरी बे दाहे वीसपर्यंत गेले. यजमान माना खाली घालून भक्तिभावानं ऐकत होते.

चहाला बाई स्वतः आल्या आणि गाण्याचा अर्थ विचारला. खरं तेच सांगितलं. खुर्ची धरून हसल्या. म्हणाल्या, मंत्र्यांच्या बैठकांत हेच म्हणायला हवं होतं.

तेवढ्यात मी माझा प्रश्न विचारून टाकला. त्या कप खाली ठेवून सांगू लागल्या.

"मंत्री असताना एका खेड्यातल्या दवाखान्यात गेले होते. फोटोसाठी लसीची पेटी उघडा म्हटलं. नर्स म्हणाली, थंडावा जाईल, मुलं यायची आहेत, तुम्ही बाहेर थांबा."

"मग?"

"थांबले. पेटीवर पुणे लिहिलेलं होतं."

मला रडू आलं. मुक्ता परतीच्या ट्रेनमध्ये "हीप्स एम्बॅरसिंग होतं" म्हणाली, म्हणजे फारच लाज आणलीस, पण माझा हात तिनं सोडला नाही.

आता पुण्यात सगळे विचारतात, न्यूझीलंडमध्ये काय पाहिलंस. डोंगर पाहिले, मेंढ्या पाहिल्या. पण डोळ्यांपुढे उभी राहते ती मी कधीच न पाहिलेली नर्स, माझ्या खोक्यासाठी मंत्र्याला दाराबाहेर थांबवणारी.