लांब श्वास

कचेरीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. फुगवलेलं काही दिसलं की टोचायची तिला खोडच होती. सरकारी मदतीवर चालणारे उपक्रम खरंच उपयोगी आहेत का, हे तपासणं तिचं काम. त्या वर्षी तिच्या वाट्याला मारकुट्या नवऱ्यांना संयम शिकवणारा एक वर्ग आला.

संचालकांनी खुर्ची दिली, चहा दिला, फोटो दाखवले. फोटोंत नवरे गोल बसून, डोळे मिटून श्वास घेत होते.

"एकूण एक जण समाधानी आहे," संचालक म्हणाले.

"आणि बायका?"

"त्या आमच्या लाभार्थी नाहीत."

"मार तर त्याच खातात ना?"

संचालकांनी चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून कपात पडलं. मग त्यांनी वर्गातला हिरा पुढे केला. हिरा म्हणजे एक शिंपी, बोलायला लोण्यासारखा. "राग आला की मी थांबतो, लांब श्वास घेतो," तो म्हणाला.

दोन-चार दिवसांनी टाचणीबाई त्याच्याकडेच ड्रेस शिवून घ्यायला गेली. बायकांची मापं आतल्या खोलीत त्याची बायको घेई. बाहेर त्याचं मशीन खडखडत होतं. टाचणीबाईने हळू आवाजात आपलं काम सांगितलं. "बोलायचं नसेल तर राहू दे," असंही म्हणाली.

शिंप्याची बायको खांद्याचं माप घेता घेता बोलली, "फरक पडलाय, ताई. पूर्वी हात कधी उठेल कळायचं नाही. आता आधी लांब श्वास ऐकू येतो. पोरं तेवढ्यात पलंगाखाली जातात."

"घरात कोणी मधे पडत नाही?"

"सासूबाई पडायच्या. आता म्हणतात, तो तर पास झालाय, तुझंच काहीतरी चुकत असणार."

"तुला काय हवंय?"

"पोरांना घेऊन बहिणीकडे जायचंय. पण हा तिथे येऊन तमाशा करेल."

टाचणीबाईने ओळखीच्या वकीलबाईंना गाठलं. शिंपीण मुलांसह बहिणीकडे पोचली, कोर्टाचा मनाई हुकूम हातात पडला, आणि मगच टाचणीबाईने अहवाल दिला. त्यात शिंपिणीचा उल्लेखही नव्हता. बायकांना विचारल्याशिवाय हा वर्ग चांगला म्हणता येत नाही, एवढंच होतं.

संचालक दुखावले. "आमच्या वर्गात मारहाणीची एकही घटना नाही," ते म्हणाले.

"वर्गात कशाला होईल? तिथे बायका कुठे असतात?"

मग त्यांनी पत्नी-मेळावा भरवला. नवऱ्यांना शेजारी बसवून बायकांना विचारलं, "कोणाला मार बसतो, हात वर करा." एकही हात वर झाला नाही. टाळ्या झाल्या. टाचणीबाईने तोही नापास केला आणि मदत थांबली.

शिंपीण आता बहिणीच्या ओसरीवर शिवणकाम करते. शिंपी दुसऱ्या एका संस्थेत व्याख्यानं देतो. विषय असतो, "बायको सोडून गेली तरी संयम कसा राखावा". गर्दी चांगली होते म्हणतात.