तुळशीराम एकदाच मरणार होता

वर्तमानपत्रात छापलेलं लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. जे छापता येत नाही तेच साचत जातं, आणि दर भेटीत त्यावर एक थर चढतो.

बुलढाण्याच्या आमच्या जिल्हा कार्यालयात मी तीस वर्षं बातमीदारी केली. ठेकेदारांशी भांडलो, पुढाऱ्यांशी भांडलो, एका खात्याशी तर इतका भांडलो की तिथला शिपाई मला लांबून पाहूनच "साहेब नाहीत" म्हणायचा. आज जुनी मंडळी भेटली की त्यातलं एकही भांडण कुणी विचारत नाही. विचारतात ते तुळशीरामाबद्दल! जो माणूस कधी जन्मालाच आला नव्हता!

आता विचारताच आहात, तर ऐका.

*

कार्यालयात बरा म्हणावा असा एकच कॉम्प्युटर होता. त्यावर आमचा संजय अंकाची पानं लावायचा. पोरगा चिखलीचा, पंचविशीतला. त्याने कुठून तरी एका गेमची सीडी आणली. तलवारी, जादूगार, बर्फाचे डोंगर आणि सगळ्यात उंच डोंगरावर आग ओकणारा अजगर. अजगर मारला की गेम जिंकला.

त्या दिवशी धाड गावचे आमचे वार्ताहर किसनराव बातम्या घेऊन आले होते. पन्नाशीचे शेतकरी, डोक्यावर टोपी, खिशात दोन पेनं. परतीची एसटी तीनला. तोवर ते संजयच्या मागे खुर्ची टाकून बसले.

"किसनभाऊ, याच्यात दोन प्रकार हायेत," संजय समजावत होता. "सोप्यात आपला वीर मेला की पुन्हा उठते. कठीणमधी भूक लागते, तहान लागते, थंडी वाजते. अन् एकडाव मेला की मेला! गेम त्याले पुसूनच टाकते."

किसनरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"सोप्यातला मरतच नाई, तं तो जगून काय राह्यला बे?"

त्यांनी कठीण निवडला. वीराचं नाव ठेवलं तुळशीराम.

*

मग ईर्ष्येने संजयनेही कठीण घेतला. त्याचा वीर पाहण्यासारखा होता. चकाकतं चिलखत, पाठीवर दोन तलवारी, कमरेला खंजीर. अंगावर घोंगडी मात्र नाही. पहिल्याच चढावर गारठून उभ्याउभ्या गेला.

फोटोग्राफर मिलिंद लोणारचा. त्याचा वीर तहानेने व्याकूळ झाला, समोर मोठं थोरलं तळं दिसलं, आणि मिलिंदने त्याला ओंजळी भरभरून पाजलं. पाणी खारं निघालं. वीर तोंडाला फेस येऊन काठावरच आडवा!

मग मागून किसनरावांचा आवाज आला.

"लोणारचा मानूस अन् तळ्याचं पानी पेला? घरी कोनाले सांगू नको बापा!"

मिलिंद दोन दिवस आमच्याबरोबर चहाला आला नाही.

*

इकडे तुळशीराम मात्र जगत होता. महिना झाला तरी त्याने एकही राक्षस मारला नव्हता. जंगलाच्या कडेला खोपट बांधलं. कंदमुळं वाळवली, दोन मडकी पाणी भरून ठेवलं, थंडीआधी लाकडं रचली. दुरून राक्षस दिसला की हा झुडपात बसायचा, तो गेला की पुन्हा कामाला लागायचा.

मला हे बघवेना. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. अन्यायापुढे झुडपात बसणं मला जमलेलं नाही.

"अहो किसनराव," मी ओरडलोच, "त्याच्या हातात तलवार दिलीय! तिचा काही उपयोग कराल की नाही?"

"करतो ना, साहेब," किसनराव पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "सरपन तिनंच तोडून राह्यलो."

*

एकदा संजय बोंबलत आला. "साहेब, भाऊले समजवा! तुळशीराम मराले टेकला!"

पाहतो तर भुकेची पट्टी लालभडक, वीर धापा टाकतोय, कंदमुळं संपलेली, झोळी कणसांनी आणि वाळवलेल्या मांसाने भरलेली आहे, आणि किसनराव त्याला एक घासही देत नाहीत.

"काऊन देत नाई भाऊ?" संजय रडकुंडीला आला होता.

"आज एकादशी हाय."

"तुमची हाय! त्याची कुठं हाय?"

"माह्या हातानं मी त्याले आज कणीस चारू?"

पट्टी लुकलुकायला लागली. आता आम्ही तिघंही पडद्याला चिकटलो. मिलिंदने शेजारच्या उजाड वाडीत काहीतरी उकरायला सांगितलं. तुळशीरामाने उकरलं. मातीतून निघाले बटाटे!

"चालते," किसनराव म्हणाले. "उकडाले घे."

*

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. वीज जायची वेळ कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरीच. गेमचा नियम असा की तो रीतसर बंद केला नाही, तर वीर मेला असं धरायचा. यूपीएस जेमतेम मिनिटभर तग धरायचा, तोही किंचाळत.

एका दुपारी मी त्याच कॉम्प्युटरवर बातमी टाइप करून उठलो होतो. विषय अर्थात लोडशेडिंग! प्रत्येक वाक्यात चार-चार चाबूक. मी चहा घेईपर्यंत किसनरावांनी तुळशीरामाला पाण्यावर नेलं. आणि वीज गेली.

यूपीएस किंचाळायला लागला. मी धावत आलो. "संजय, आधी बातमी सेव्ह कर!"

संजयने माझ्याकडे पाहिलं. किसनरावांकडे पाहिलं. पडद्यावर तुळशीराम नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा होता. संजयने त्याला काठावर आणलं, गेम रीतसर बंद केला, आणि माझ्या बातमीवर माउस नेईपर्यंत पडदा काळा झाला.

मी तोंडाचा जो पट्टा सोडला, तो इथे लिहिता येणार नाही. माझा श्वास संपल्यावर किसनराव नम्रपणे म्हणाले, "साहेब, बातमी काय, पुन्हा लिहिता येते."

*

त्यानंतर संजयला युक्ती सुचली. तुळशीरामाची एक कॉपी काढून सीडीत ठेवायची. मेलाच, तर दुसरा काढायचा! किसनरावांना खूश करायचं म्हणून त्याने ती त्यांच्या हातात दिली.

किसनराव एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते.

"कॉपी? झेरॉक्स काढाले तो का सातबारा हाय?"

त्यांनी सीडी मोडून खिडकीबाहेर फेकली. मी रस्त्यात कचरा टाकण्याविरुद्ध आठवड्यापूर्वीच लिहिलं होतं, पण त्या दिवशी गप्प बसलो.

*

मग एके दिवशी धाडहून फोन. किसनरावांची बायको, द्वारकावहिनी.

"भाऊजी, एक इचारू का? हा तुळशीराम कोन हाय? काल हे अर्ध्या ताटावरून उठले. म्हने, तो बरफात उपाशी अडकला, मले घास उतरत नाई."

मी दहा मिनिटं गेम समजावून सांगितला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तो कॉम्प्युटरातला हाय?"

"हो वहिनी."

"त्याले घरचं कोनी नाई?"

"नाही."

पुढच्या खेपेपासून किसनरावांच्या डब्यात दोन भाकरी आणि ठेचा जास्तीचा यायला लागला. तो संजय आणि मिलिंद खात. वहिनींनी एकदा फोनवर विचारलं, "पोट भरलं म्हना का त्याचं?"

मिलिंद डोळे पुसत म्हणाला, "हाव वहिनी, पन ठेचा जरा तिखट झाला म्हने!"

*

दीड वर्षाने मुख्य कार्यालयातून पत्र आलं. नवा कॉम्प्युटर येतोय, जुना पुसून परत द्या.

इंजिनियर नवा कॉम्प्युटर घेऊन अकोल्याहून सकाळीच हजर झाला. घाईचा माणूस. दुपारी त्याला मेहकरला जायचं होतं. संजयने धाडला फोन केला आणि इंजिनियरला चहावर चहा पाजत अकरापर्यंत थांबवलं. किसनराव एसटीतून उतरले ते थेट आत. संजयने नव्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं, "याच्यात टाकू का त्याले?" किसनरावांनी नकारार्थी मान हलवली. संजयने पुन्हा विचारलं नाही.

मी मात्र बोललो. "किसनराव, चढवा त्याला डोंगरावर! भिडू द्या अजगराला! पुसला जाण्यापेक्षा लढून गेलेला बरा!"

"हाव भाऊ, चढवाच!" मिलिंद म्हणाला.

"जे कराचं ते लवकर करा राजेहो," इंजिनियरने घड्याळ दाखवलं. "मले पाच मिन्टाचं काम हाय."

किसनराव बसले. तुळशीराम जंगलात होता, बर्फ पडत होतं. त्यांनी त्याला डोंगराकडे पाठ करून वळवलं. वाटेत लांडगा आडवा आला. किसनरावांनी तुळशीरामाला झाडाआड उभं केलं आणि लांडगा जाईपर्यंत माउसवरचं बोटसुद्धा हलवलं नाही.

"अहो, पुसाचाच हाय ना तो!" इंजिनियर म्हणाला.

तुळशीराम खोपटात पोचला. किसनरावांनी चूल पेटवली. कंद शिजवले. पाणी पाजलं. ओली घोंगडी काढून शेकोटीवर धरली. भुकेची पट्टी भरली, थंडीची पट्टी भरली.

"अजगराचं काय?" मी विचारलं.

"साहेब, दीड वर्स जगवला," किसनराव म्हणाले. "आता मराले काऊन धाडू?"

त्यांनी तुळशीरामाला गवताच्या अंथरुणावर निजवलं, घोंगडी ओढली आणि खुर्चीवरून उठले.

"करा आता."

इंजिनियर खुर्चीत बसला. बोटं कीबोर्डवर ठेवली. पडद्याकडे पाहिलं. मग बोटं उचलली आणि मागे वळून हळूच विचारलं,

"झोप लागली का त्याले?"