डावखुरी फौज

"समोरून सगळेच शूर दिसतात. पाठ दाखव."

बेनच्या टेबलावर शिपायाचं कोणतंही चित्र ठेवलं की पहिलं वाक्य हेच यायचं. मग त्या तो कागद उलटा करायच्या, जणू मागच्या कोऱ्या बाजूला त्या शिपायाची पाठ दिसायलाच हवी होती. ती नसली की कागद परत आपल्याकडे सरकायचा.

बडोद्यात वासण्याच्या रस्त्यावर, औषधांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. तिथे आम्ही कॉम्प्युटरवर खेळायचा युद्धाचा खेळ बनवत होतो. काल्पनिक राज्यं, काल्पनिक प्राणी. खेळणाऱ्याने सैन्य उभं करायचं, गड राखायचे आणि दुसऱ्याचे घ्यायचे. त्या राज्यांच्या गोष्टी लिहिणं हे माझं काम. शस्त्रं, चिलखतं आणि फौजा खऱ्या वाटतात की नाही हे बघणं बेनचं. त्या शिल्पकला शिकलेल्या, वयाने पन्नाशीच्या आसपास, दांडिया बाजारातल्या मराठी घरातल्या. पण ऑफिसात सगळे गुजरातीत बेन, म्हणजे ताई, म्हणायचे, म्हणून मीही बेनच म्हणायचो.

त्यांचा कशावरच विश्वास नसे. लिफ्टचं दार उघडलं की त्या आधी तिचा आवाज ऐकायच्या आणि बहुतेक वेळा जिन्याने जायच्या. कोणी चहा चांगला झालाय म्हटलं तर विचारायच्या, "आज वेगळं काय घातलंय?" वाढदिवसाला आम्ही फुलं दिली तेव्हा त्यांनी आभार मानले आणि म्हणाल्या, "रजा कोणाला हवी आहे?" रजा खरोखरच दोघांना हवी होती.

कामात हा स्वभाव फार उपयोगी पडायचा, आणि फार छळायचाही. कृपा नावाची आमची एक चित्रकार होती. तिने गरुडांवर बसून लढणारी फौज काढली. सगळे खूश. बेननी चष्मा पुसला.

"हा गरुड खातो काय?"

"मांस, बेन."

"एवढ्या गरुडांना रोज मांस कुठून? तुझ्या या राज्यात मला नुसतं गवत दिसतंय."

कृपाने चिडून अर्धे गरुड पुसले आणि मागच्या टेकडीवर शेळ्यांचे कळप काढले. आणि बघा गंमत, त्या शेळ्यांमुळेच ते राज्य पहिल्यांदा खरं वाटायला लागलं.

माझीही पाळी आली. मी लिहिलं होतं की अमुक एका जमातीचे योद्धे पोलादी चिलखत घालून दिवसभर डोंगर चढतात. बेननी खालच्या वाण्याकडून तांदळाचं पोतं मागवलं, स्वतःच्या ओढणीने माझ्या पाठीला बांधलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर मी पायरीवर बसलो.

"शत्रू वर आहे," बेन म्हणाल्या. "त्याला सांग जरा थांबायला."

हा संशय त्यांनी स्वतःच्या घरालाही सोडला नव्हता. त्यांचे पूर्वज संस्थानच्या सैन्यात होते. घरात एक तलवार होती आणि दसऱ्याला तिची पूजा व्हायची. एकदा बेननी ती हातात घेतली, तोलली, धारेवरून अंगठा फिरवला आणि वडिलांना म्हणाल्या, "बाबा, ही मिरवणुकीतली आहे. हिला धार कधी लावलेलीच नाही." वडिलांनी बरेच दिवस अबोला धरला. "पण पूजेला मी अजूनही बसते हं," हे सांगताना त्या म्हणाल्या. "तलवारीने काय खोटं सांगितलंय? खोटं आम्हीच बोललो."

मग हर्षिल आला. म्हणजे आला तसा नाहीच, तो दाहोदला राहून घरूनच काम करायचा. वडील रेल्वेत, आई आजारी, म्हणून घर सोडता येत नव्हतं. आमच्याकडे लागला तेव्हा एकदाच बडोद्याला येऊन गेला. आम्ही सगळे एकत्र जेवलो, तो दोन वाक्यं बोलला असेल. कड्याकपारीत राहणाऱ्या कडेकरी नावाच्या जमातीची फौज त्याच्याकडे दिली.

त्याची चित्रं आली आणि आम्ही सगळे ती बघायला गोळा झालो. चिलखतं चामड्याची, कुठे तुटून परत शिवलेली. ढालीच्या पट्ट्याने खांद्यापाशी कापड झिजवलेलं. भाल्याच्या दांड्यावर जिथे हात येतो तिथे लाकूड काळं पडलेलं. आणि मुख्य म्हणजे, न सांगता त्याने प्रत्येक शिपाई पाठमोराही काढला होता.

निकुंजभाई, आमचे मालक, म्हणाले, "बेन, आता तरी हसा."

बेन हसल्या नाहीत. खूप वेळ त्या चित्रांकडे बघत राहिल्या.

"म्यान उजव्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या. "ढाल उजव्या हातात, भाला डाव्या. बकलंही सगळी डाव्या हाताला सोयीची. अख्खी फौज डावखुरी कशी?"

"असेल त्याची कल्पना," मी म्हटलं.

"कल्पना असती तर एखादं बकल तरी चुकलं असतं. इथे एकही चुकलेलं नाही. हे कुणाचं तरी चित्र आहे आणि याने ते उलटं फिरवलंय. चोरी पकडली जाऊ नये म्हणून आरशातल्यासारखं करतात."

 दुसऱ्याची चित्रं वापरली असं निघालं तर खेळ बाजारात येण्याआधीच बंद पडला असता. निकुंजभाईंनी खेळ विकणाऱ्यांना ही शंका कळवली आणि हर्षिलला कळवलं की काम सध्या थांबव, चित्रं दुसऱ्याची आहेत अशी शंका आहे. त्याचं उत्तर आलं, "ठीक छे."

"एवढंच?" बेन म्हणाल्या. "खरा माणूस भांडला असता."

त्यानंतर त्या मूळ चित्र शोधत राहिल्या. जुने खेळ, परदेशी चित्रकारांची पानं, संग्रहालयांचे फोटो. काहीच सापडेना. कोणाही शहाण्या माणसाला वाटलं असतं की नसेलच काही. बेनचं म्हणणं, लपवणारा हुशार आहे. हळूहळू आम्हालाही तसंच दिसायला लागलं. संशयाचं तुम्ही पाहिलंच असेल, एकदा घरात शिरला की तो सगळ्यांच्या ताटात जेवतो. त्या दिवशी जेवताना तो मान खाली घालून का होता? कॅमेरा कधी सुरू का करत नाही? कृपा तर म्हणाली, त्याचं आडनावही तिला खरं वाटत नव्हतं.

एका दुपारी जिन्यात मी बेनना विचारलं, "ताई, तुम्हाला एवढी खात्री कशी?" ताई तोंडातून निघून गेलं.

त्या पायरीवर बसल्या. अहमदाबादच्या एका कंपनीत त्या आधी होत्या. तिथे एका मुलाने फार सुंदर शिरस्त्राण काढून आणलं होतं. बेननी कौतुक केलं आणि सही करून पुढे पाठवलं. खेळ बाजारात आल्यावर ते दुसऱ्याचं निघालं. खेळ मागे घ्यावा लागला आणि थोड्याच दिवसांत ऑफिसही बंद झालं.

"त्यातली दोन माणसं अजून मला ओळख देत नाहीत," बेन म्हणाल्या. "बराबर आहे त्यांचं. मी फक्त समोरून बघितलं होतं."

शेवटी निकुंजभाईंनी ठरवलं की हर्षिलला काढून टाकायचं आणि विषय संपवायचा. तेव्हा अडवलं ते बेननीच.

"असं मेल पाठवून नाही. त्याला बोलवा. चोर असला तरी मी त्याच्या तोंडावर विचारीन."

तो सकाळच्या गाडीने दाहोदहून आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर कॉलेजमधली जुनी सॅक. बसायला सांगेपर्यंत उभा राहिला. बेननी त्याच्यासमोर कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली. मराठी त्याला समजत नसे, म्हणून त्या गुजरातीत बोलल्या, पण सांगितलं तेच, जे सगळ्यांना सांगायच्या. कडेकऱ्यांचा शिपाई काढ. पाठमोरा. माझ्यादेखत.

हर्षिलने पेन्सिल उजव्या हातात घेतली. आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग त्याने ती डाव्या हातात घेतली आणि काढायला लागला.

रेघ न अडखळता पुढे गेली. मानेपासून खांदा, खांद्यावरून पट्टा, पट्ट्याखाली झिजलेलं कापड. एका बकलापाशी तो थांबला, उभा राहिला, डावा हात पाठीमागे नेऊन बोटं कुठवर पोचतात ते बघितलं, आणि परत बसून ते बकल जरा खाली काढलं. मी बेनकडे बघत होतो. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"तू डावखुरा आहेस," त्या म्हणाल्या.

"हो, बेन."

"त्या दिवशी तर उजव्या हाताने जेवलास."

"जेवतो उजव्यानेच. लहानपणी डाव्याने जेवलो की मार बसायचा. लिहिण्यावरूनही बसायचा, पण तेवढं नाही सुटलं."

मग त्याने फोनवर फोटो दाखवले. घरामागच्या ओट्यावर तो स्वतः उभा होता. छातीला गोणपाट गुंडाळलेलं, त्यावर वडिलांचा पट्टा, एका हातात परात आणि दुसऱ्या हातात कपडे वाळत घालायची काठी. आधी स्वतः बांधून बघायचा, वाकायचा, पळायचा, जिथे टोचेल तिथलं बदलायचा आणि मग चित्र काढायचा. एका फोटोत मागे खाटेवर बसलेली त्याची आई हसत होती.

"हे तेव्हाच का नाही पाठवलंस?" निकुंजभाई म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाही. काम थांबव म्हणालात, मी थांबवलं." मग फोन खिशात ठेवत म्हणाला, "आणि ज्यांना चोरच वाटतोय, त्यांना परातीचा फोटो काय पाठवायचा?"

बेन उठून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "संशय मी घेतला, बाकीच्यांनी माझं ऐकलं." आणि निकुंजभाईंना म्हणाल्या, "शंका ज्यांना ज्यांना कळवलीत, त्यांना सगळ्यांना हेही कळवा. माझ्या नावाने."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते दोघे एका टेबलावर बसून होते. कडेकरी डावखुरे का, याला आता कारण हवं होतं. ते बेननी शोधलं. यांच्या कड्यांवरच्या वाटा अशा की शत्रूला अडवायला खाली उतरताना उजव्या अंगाला कातळ येतो. उजव्या हाताने वार करायला जागाच नाही. म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या डाव्या हाताची सवय. मी ते लिहून घेत होतो. बेन म्हणाल्या, "आणखी एक ओळ घाल. यांच्यात डाव्या हाताने जेवतात आणि त्याबद्दल कोणी कुणाला बोलत नाही."  हर्षिल पेन्सिलीला टोक करत होता.

इथे सगळं गोड झालं असं मला सांगता आलं असतं. पण त्यानंतर हर्षिल प्रत्येक चित्रासोबत फोटो पाठवायला लागला. न मागता. प्रत्येक पट्ट्याचा, प्रत्येक गाठीचा, पुराव्यासारखा. बेननी त्याला लिहिलं की याची गरज नाही. त्याने "ठीक छे" लिहिलं आणि पुढच्या चित्राबरोबर पुन्हा फोटो आले. ते उघडताना बेनचा चेहरा मी पाहिलाय. बाकी त्या होत्या तशाच राहिल्या, शेळ्या, चपला, पाण्याच्या पखाली, सगळं विचारत. फक्त माणसाबद्दल शंका आली की आधी त्या माणसाला फोन करायच्या.

खेळ बाजारात आला आणि कडेकरीच सगळ्यांना जास्त आवडले. त्याच सुमारास बेनची बहीण आजारी पडली आणि तिच्याजवळ राहायला त्यांनी नाशिकला जायचं ठरवलं. अजून तिथेच आहेत. कधी फोन केला तर आधी विचारतात, "काय काम काढलंस?"

त्यांच्या शेवटच्या दिवशी हर्षिल दाहोदहून आला. आम्ही तिघे दांडिया बाजाराजवळ शेव-उसळ खायला गेलो. गर्दी होती, एका लांब बाकावर जागा मिळाली. ताटल्या आल्या, वर तिखट रश्शाची तरी. हर्षिलने थोडा वेळ चमचा नुसता धरून ठेवला. मग तो डाव्या हातात घेतला आणि खायला लागला.

समोर बसलेले एक वयस्कर गृहस्थ त्याच्या हाताकडे बघायला लागले. बघतच राहिले. बेननी पावाचा तुकडा खाली ठेवला आणि त्या गृहस्थांकडे बघितलं, आमची चित्रं बघायच्या तसंच, न हसता, पापणी न हलवता. ते गृहस्थ गोंधळले. त्यांनी आधी आपला शर्ट बघितला, मग हात बघितले, आणि मान खाली घालून मुकाट्याने आपली उसळ खायला लागले.

हर्षिलला यातलं काहीच कळलं नाही. त्याने आणखी तरी मागितली.