गुरुसिद्धचा शंखातला खेकडा

गुरुसिद्धचा राग उद्यमनगरात सगळ्यांच्या ओळखीचा. तीस वर्षं लेथवर काढली, त्यातली निम्मी कुणाला तरी शिव्या घालण्यात. रिटायर झाल्यावर घरात उरली थोरली बहीण आक्का, नवरा वारल्यावर नेसरीहून आलेली. असल्या माणसानं प्रदर्शनातून शंखातला खेकडा पाळायला आणला, तेव्हा गल्लीत कुणाचा विश्वास बसेना.

शंखाला निळा ऑइलपेंट, वर पांढरे ठिपके. विकणारा म्हणाला होता, "काय बी लागत न्हाय, काका. पाणी शिंपडायचं, बिस्कीट टाकायचं. झालं!" आठवड्यात खेकडा आत शिरून बसला, तो बसलाच. शेजारचा इमाम घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानं मोबाइलवर सगळं वाचून काढलं.

"फशीवलं तुला, गुरुसिद्ध. नळाचं पाणी म्हंजे ह्याला इख. रंग बी वाईट. वली वाळू पायजे, मिठाचं पाणी पायजे. आन् बिस्किटावर जगतंय व्हय ते? सुकट घाल."

गुरुसिद्ध तरातरा प्रदर्शनाच्या मैदानावर गेला. तो भामटा स्टॉल गुंडाळून कधीच पसार झाला होता. रिकाम्या मैदानाला पाच मिनिटं शिव्या घालून गुरुसिद्ध घरी आला.

पण सुकट! वाळलेली कोळंबी, लिंगायताच्या घरात, देव्हाऱ्यापासून आठ पावलांवर! ज्या उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलं नव्हतं तिथं. आक्कानं घर डोक्यावर घेतलं असतं. इमामनं पत्र्याच्या डबीत मूठभर दिली, ती गुरुसिद्धनं खेकड्याच्या काचेच्या पेटीमागं पेपराखाली दडवली आणि आक्काला एक अक्षर सांगितलं नाही.

खेकडा मात्र तरारला. एका सकाळी तो रंगीत शंख सोडून इमामनं आणलेल्या साध्या शंखात शिरला. गुरुसिद्ध फरशीवर पालथा पडून बघत होता. शंखाच्या तोंडातून डोळे बाहेर आले तेव्हा त्यानं चक्क टाळ्या वाजवल्या. बायको गेल्यापासून ह्या घरात कुणी टाळी वाजवली नव्हती.

मग खेकडा वाळूत गडप झाला.

"कात टाकतोय," इमाम म्हणाला. "महिना बी लागंल. उकरलास तर मरंल बघ."

"आन् आतच मेला तर?"

"मेला तर घाण वास सुटतोय. वास न्हाय तवर जिता हाय."

गुरुसिद्ध रोज सकाळी पेटीला नाक लावायचा. अठरा दिवस झाले. तेवढ्यात आक्काच्या नेसरीच्या रानाची मोजणी निघाली, दोन दिवस जाणं भाग होतं. निघताना आक्काला बजावलं, "आत हात घालू नको. वास सुटला तर मेला समजायचं, न्हाईतर न्हाय." एवढंच. डबीचं काय ते पोटातच ठेवलं.

परत आला तर पेटी घासूनपुसून उन्हात पालथी घातलेली.

"खेकडा कुठं हाय?"

"गेला रे," आक्का म्हणाली. "तू गेलास त्याच सांजंला वास सुटला. बाई, बाई, काय ती घाण! पदर नाकाला लावून काढला. पर फेकला न्हाय हं. आपल्यात पुरत्यात. पांढऱ्या फडक्यात गुंडाळला, इभूत लावली, जास्वंदीच्या कुंडीत ठेवला."

गुरुसिद्धच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं बये, मातीतच हुता की त्यो! मातीतनं काढलास आन् मातीतच पुरलास?"

हातानंच कुंडी उकरली. फडक्यात खेकडा होता, फिका, मऊ, अर्धी कात पायाला लोंबत असलेला. एक मिशी हलली, की त्यालाच तसं वाटलं. पेटी घरात जागेवर आणून, पुन्हा ओली वाळू भरून त्यानं त्याला आत ठेवलं. आणि तिथंच भिंतीशी त्याला डबी दिसली. निघायच्या घाईत झाकण निम्मं उघडं राहिलेलं, पेपर सरकलेला.

त्याला सगळं कळलं. मरणाचा म्हणून आक्कानं जो वास ओळखला, तो सुकटीचा होता. साठी उलटलेल्या त्या नाकाला सुकट काय ठाऊक? गुरुसिद्धनं डबी खिशात घातली आणि आवाज आणखी चढवला.

दोन दिवस तो तिच्यावर तोंड टाकत राहिला. डोळं फुटल्यात का, अक्कल गहाण टाकलीस का, तुझ्यापरीस नेसरीची जनावरं बरी.  आक्का भाकरी थापून त्याला वाढायची, स्वतः मात्र पाणी पिऊन निजायची. ते बघून त्याला आणखी राग यायचा आणि तो आणखी वरडायचा. एवढ्यानं खेकडा वर येणार असल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीभर वास पसरला होता. गोडूस, जड, घशात बसणारा. गुरुसिद्ध पेटीसमोर बसून राहिला. आक्का दारात आली. पदर नाकाला लावला, काढला, पुन्हा हुंगलं.

"गुरू," ती म्हणाली, "ह्यो वास त्यो न्हवं."

गुरुसिद्धनं खिशातली डबी काढून तिच्यापुढं फरशीवर आपटली. "त्यो ह्यो हाय. सुकटीचा. मीच आणलीवती. मीच दडवलीवती."

आक्का खाली बसली. झाकण उघडून हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि झाकण घट्ट दाबून बसवलं. मग मान वर करून भावाकडं बघितलं.

"मग दोन दिस माझ्यावर कशापायी वरडत हुतास?"